अठरावे वर्ष उरकू नका

आमच्या समाजात मंगलकार्याच्या निमंत्रणपत्रिकांचा एक नवा नमुना अलीकडे रूढ होऊ लागला आहे. वर कुलदेवतेचे नाव. त्याखाली ठळक अक्षरांत घरातील वडीलधाऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शन शांतीचा मजकूर. मग तिथी, वार, मुहूर्त, देवस्थानाचे नाव आणि महाप्रसादाची वेळ. हे सारे संपल्यावर, पत्रिका छापखान्यात जाता जाता आठवण झाली असावी अशा बेताने, तळाशी एक बारीक ओळ असते : 'ह्याच शुभप्रसंगी आमची नात चि. कु. अमुक हिचा अठरावा वाढदिवसही साजरा करण्याचे योजिले आहे.' कधी सहस्रचंद्रदर्शनाच्या जागी धाकट्या भावाची मुंज असते, कधी आईवडिलांच्या विवाहाचा रौप्यमहोत्सव, कधी नव्या घराची वास्तुशांत. वरची ओळ कार्याप्रमाणे बदलते. मुलाचा अथवा मुलीचा अठरावा वाढदिवस मात्र नेहमी तळच्या ओळीतच सापडतो.

'वाढदिवसही' ह्या शब्दातील त्या शेवटच्या 'ही'विरुद्ध आमची फिर्याद आहे. अक्षर एकच आहे. परंतु घरातील एका व्यक्तीचे सज्ञान होणे दुसऱ्याच्या कार्याला जोडून देण्याची, जोडताना तिला न विचारण्याची, आणि जोडल्यावर 'तुझेही केले' म्हणून उपकाराची नोंद करून ठेवण्याची सारी वृत्ती त्या एका अक्षरात सामावलेली आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या दिवसापासून कायदा मुलामुलींच्या होकाराला आणि नकाराला किंमत देऊ लागतो, त्या दिवसाची योजना त्यांच्या होकारावाचून होता कामा नये. आणि तो दिवस दुसऱ्या कार्याच्या मांडवात उरकला जाऊ नये.

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडावी हा आमच्या व्यवसायाचा शिरस्ता आहे, म्हणून ती मांडतो. आपली घरे आता एका गावात राहिलेली नाहीत. थोरला मुलगा मुंबईत, दुसरा बंगळूरला, मुलगी दुबईत किंवा त्याहूनही दूर. कुलदेवता मात्र फोंड्याच्या परिसरात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ह्या ठिकाणी मे महिन्यात अग्रशाळेत खोल्या मिळविणे म्हणजे काय, हे ज्याने मिळविल्या आहेत त्यालाच ठाऊक. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मंडळींना जेजुरी, कोल्हापूर अथवा तुळजापूर गाठावयाचे तर दिवसांचा आणि पैशांचा हिशेब त्याहून मोठा. नोकरीतील रजा, मुलांच्या परीक्षा, गाडीची आरक्षणे, वृद्धांची प्रकृती, इतक्या गोष्टी जुळून आल्या तर कुठे सारे कुटुंब दोनतीन वर्षांतून एकदा एका पंक्तीस बसते. मग मांडव तोच, आचारी तेच, पाहुणे तेच असता त्याच भेटीत नातीचेही कौतुक करून घेतले तर बिघडले कोठे? शिवाय आजोबांच्या डोळ्यांदेखत नात सज्ञान झाली, हा आनंद काय थोडा?

ही बाजू आम्ही हसण्यावारी नेत नाही. कुटुंब एकत्र येणे हीच आज दुर्मिळ गोष्ट झाली आहे, आणि दुर्मिळ गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा असे कोणालाही वाटेल. परंतु ही सारी बाजू सोयीची आहे. आणि सोय म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न आलाच. रजा वाचते ती काकांची, भाडे वाचते ते वडिलांचे, धावपळ वाचते ती आईची. ज्या व्यक्तीच्या नावाने तळची ओळ छापली जाते, तिचे ह्या व्यवहारात काय वाचते आणि काय जाते, हे आजवर कोणी मांडून दाखविलेले नाही. ते मांडण्यासाठी अठराव्या वर्षी नेमके काय घडते, हे आधी पाहिले पाहिजे.

मराठीत कायद्याची भाषा अठरा वर्षांखालील व्यक्तीला 'अज्ञान' म्हणते आणि अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीला 'सज्ञान'. शब्द कठोर आहे, पण त्यामागची व्यवस्था विचारपूर्वक घातलेली आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आणि सज्ञानतेचा कायदा १८७५ चा. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष ह्या कलकत्त्याच्या खटल्यात दिला, आणि कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी आजही तो पहिल्याच वर्षी शिकतो. धर्मदासाने गहाणखतावर सही केली होती, पैसेही घेतले होते. तरी ती सही सही नव्हे, असे न्यायाधीशांनी ठरविले. म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, अकराव्या महिन्यात, एकोणतिसाव्या दिवशी केलेली सही कागदावरची शाई असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच सही माणसाला आयुष्यभर बांधू शकते. इतका मोठा फरक मनुष्याच्या आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही वाढदिवसाने होत नाही.

ह्याखेरीज मताचा अधिकार आहे. राज्यघटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदाराचे वय एकवीसवरून अठरावर आणले; २८ मार्च १९८९ पासून तो बदल अमलात आला. विवाहाचे वय आहे. १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीचे किमान वय चौदा होते, १९४९ मध्ये ते पंधरा झाले आणि १९७८ मध्ये अठरा. एकेक पायरी चढण्यास किती वर्षे लागली आणि प्रत्येक पायरीवर आपल्याच समाजातील थोरामोठ्यांनी किती आरडाओरड केली, ते इतिहास जाणणाऱ्यांना सांगावयास नको. मृत्युपत्र करण्याचा अधिकार अठराव्या वर्षी येतो, मोटार चालविण्याचा परवाना येतो, स्वतःच्या नावाने दावा लावण्याचा अधिकार येतो. रक्तदान करण्याची मुभाही अठरा पूर्ण झाल्यावरच मिळते. म्हणजे आपले रक्त दुसऱ्यास द्यावे की नाही, हे ठरविण्याचा हक्कसुद्धा त्या दिवशी पदरी पडतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरांतील पालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. तशी विकलीच, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागण्याचा हक्क मुदतीचा कायदा त्या मुलास देतो. महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अज्ञानाच्या नावापुढे 'अ. पा. क.' म्हणजे 'अज्ञान पालक कर्ता' असा शेरा असतो. मुलगा अथवा मुलगी सज्ञान झाली की तो शेरा काढून घ्यावयाचा असतो. कायद्याचा आशय स्पष्ट आहे. पालकाने आजवर जे केले ते विश्वस्त म्हणून केले, आणि आता ज्याची वस्तू त्याच्या स्वाधीन करून हिशेब द्यावा. बापाने केलेल्या खरेदीखतावर जी मुलगी बोट ठेवू शकते, तिला स्वतःच्या वाढदिवसाच्या पत्रिकेवर बोट ठेवता येत नाही, ही आपल्या घरातील स्थिती आहे.

वाचकांना हे वकिली थाटाचे वाटेल. घर म्हणजे कोर्ट नव्हे, असेही कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. परंतु घराने कोर्टाहून अधिक उदार असावे, अशी आपली अपेक्षा असते. निदान कोर्टाइतके तरी न्यायी असावे, एवढेच आम्ही म्हणतो. शिवाय ह्या मुलामुलींना जे वाटते ते ती बहुधा बोलत नाहीत. आजोबांच्या कार्यात खोडा घातल्याचा दोष कोणास हवा? ती गप्प राहतात, आणि आपण त्या गप्प राहण्याला संमती समजतो. सज्ञान माणसाच्या मौनाचा असा अर्थ लावण्याची सवय एकदा घराला लागली, की ती वाढदिवसापाशी थांबत नाही. पुढे कोणत्या शाखेत जावे, कोठे नोकरी करावी, कोणाशी विवाह करावा, ह्या प्रश्नांतही 'ती काही बोलली नाही' हाच पुरावा पुढे केला जातो. आज जी गोष्ट लहान दिसते, तिचा खरा धोका येथे आहे.

आता तिथीचा प्रश्न घ्या. सज्ञानतेच्या कायद्याने वयाची मोजणी कशी करावी तेही सांगितले आहे : जन्माचा दिवस पुरा धरावा, आणि अठराव्या वाढदिवसाच्या दिवसाला आरंभ होताच व्यक्ती सज्ञान झाली असे समजावे. कायदा येथे तासाचाही घोळ ठेवीत नाही. आपण मात्र जूनमधला वाढदिवस मे महिन्यात ओढून आणतो, कारण मांडव मे महिन्यात आहे. म्हणजे ज्या दिवशी 'आमची नात आज सज्ञान झाली' म्हणून भाषणे होतात, त्या दिवशी ती कायद्याने अज्ञानच असते. आणि ज्या दिवशी ती खरोखर सज्ञान होते, त्या दिवशी घरात कोणास आठवणही नसते, कारण 'तिचे झाले की मागेच'. आजोबांच्या शांतीसाठी ज्योतिषाकडे फेऱ्या होतात, चंद्रबळ पाहिले जाते, दुष्ट योग टाळले जातात. नातीच्या दिवसासाठी फक्त सभागृहाची नोंदवही पाहिली जाते. एकाच घरात, एकाच कार्यात, दोन व्यक्तींच्या दिवसांना लावलेली ही दोन मापे आहेत.

ह्यावर धर्मनिष्ठ मंडळींकडून एक आक्षेप येतो. वाढदिवस ही आपली रीतच नव्हे. मेणबत्त्या फुंकणे आणि केक कापणे हे साहेबाचे अनुकरण. तेव्हा त्या परक्या गोष्टीला धर्मकार्याच्या शेजारी जागा दिली हेच पुष्कळ झाले, असे ही मंडळी म्हणतात. मेणबत्त्यांची वकिली करण्याची आमची इच्छा नाही. परंतु वाढदिवस परका आहे, हे विधान शास्त्राच्या अज्ञानातून आलेले आहे. काशिनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९० च्या सुमारास, पंढरपुरास सिद्ध केलेला 'धर्मसिंधु' आपल्या पुरोहितांच्या घरी असतो. त्यात दरवर्षी जन्मतिथीस करावयाचा विधी सांगितला आहे. तिळाचे स्नान, नवे वस्त्र, कुलदेवतेचे व जन्मनक्षत्राचे पूजन, मार्कंडेयाची आणि सप्तचिरंजीवांची प्रार्थना, षष्ठीदेवीस दहीभात, आणि शेवटी तीळगूळ घातलेल्या दुधाचे प्राशन, असा तो साधा, घरगुती आणि अल्प खर्चाचा विधी आहे. त्यास वर्धापन म्हणतात. ज्याचा जन्मदिवस त्याचीच ती पूजा. दुसऱ्या कोणाच्या शांतीचा तो उपविधी नव्हे.

शास्त्रकारांनी दोन कार्ये केव्हा जवळ आणावीत आणि केव्हा आणू नयेत, ह्याचाही विचार केला होता. विवाहाला 'मंडन' आणि चौल-मुंजीला 'मुंडन' म्हणून, एका कुळात मंडनानंतर सहा महिन्यांच्या आत मुंडन करू नये; सख्ख्या भावंडांचे समान संस्कार एकापाठोपाठ उरकू नयेत, असे नियम कमलाकरभट्टांच्या १६१२ मधील 'निर्णयसिंधु'पासून पुढे निबंधकारांनी चर्चिले आहेत. त्या नियमांना अपवाद होते, पळवाटाही होत्या, आणि आज ते जसेच्या तसे पाळावेत असा आमचा आग्रह नाही. त्यांच्यामागची दृष्टी मात्र घेण्याजोगी आहे. मांडवाचा खर्च वाचावा म्हणून संस्कार एकमेकांवर रचू नयेत. ज्याचा संस्कार त्याला त्याचा काळ मिळावा, ही ती दृष्टी. आपले पूर्वज आपल्याहून श्रीमंत नव्हते, आणि बैलगाडीने येणारे त्यांचे पाहुणे आपल्या पाहुण्यांहून अधिक हाल सोसून येत होते. तरी त्यांनी हा विचार केला.

आणि तरीही शास्त्रात एक मोठी उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. उतारवयाच्या शांती आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी, पंचावन्नाव्या वर्षी वारुणी, साठाव्या वर्षी उग्ररथ, सत्तराव्या वर्षी भैमरथी, पंचाहत्तराव्या वर्षी ऐंद्री, ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन, आणि अशाच पाच पाच वर्षांच्या पायऱ्यांनी शंभरापर्यंत. पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी माणसाला थांबवून, त्याच्या आयुष्याची दखल घेऊन, त्यासाठी देवतेची प्रार्थना करण्याची ही योजना मोठी सुंदर आहे. पण आयुष्याच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या तरुणासाठी काय आहे? मुलग्यांसाठी सोळाव्या वर्षी केशान्त नावाचा संस्कार मनुस्मृतीने सांगितला होता. पहिल्या दाढीचा तो संस्कार कधीच लोपला, आणि मुलीसाठी तर तेव्हाही काही नव्हते. सोळा वर्षांच्या पुत्राला मित्रासारखे वागवावे हे सुभाषित आपण सभांतून ऐकवतो. मित्राला न विचारता कोणी त्याचा दिवस ठरवितो काय? जी पोकळी शास्त्राने ठेवली, ती आजच्या समाजाने अठराव्या वर्षाच्या रूपाने आपोआप भरावयास घेतली आहे. मुलामुलींना ह्या दिवसाचे जे अप्रूप वाटते, ते केवळ अनुकरण नव्हे. आपल्या मोठे होण्याची कोणीतरी जाहीर दखल घ्यावी, ही त्यांची रास्त भूक आहे. तिला तळची ओळ देऊन आपण वाटेला लावतो.

ह्या जोडकार्यात अन्याय केवळ नातीवर होतो असे मात्र कोणी समजू नये. आजोबांवरही तो होतो. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा सत्कार. सकाळी देवळात शांती, दुपारी महाप्रसाद, आणि संध्याकाळी त्याच मंडळींना सभागृहात नेऊन ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोर बसवावयाचे. ज्या वृद्धाने पहाटेपासून होमाच्या धुरात बैठक मारली, त्याला रात्री नऊपर्यंत खुर्चीत अवघडवून ठेवावयाचे, कारण 'आजोबांच्या हातून केक कापावयाचा आहे'. नातीच्या मैत्रिणी संकोचून कोपऱ्यात बसतात, कारण समोर सोवळ्याचा परिवार आहे. वृद्ध मंडळी कानावर हात ठेवून बसतात, कारण समोर तरुणांचा गोंगाट आहे. दोघांनाही मोकळेपण नाही. एकाच्या वाट्याची शांतता आणि दुसऱ्याच्या वाट्याचा उल्हास ह्यांची बेरीज केली तर दोन्ही शून्य होतात, हे गणित कोणत्याही घराला एकदा करून पाहिले म्हणजे कळते.

खर्चाचा मुद्दा राहिला. दोन कार्यांना दुप्पट खर्च, असे म्हणणारे एक गोष्ट गृहीत धरतात, की प्रत्येक कार्यास तीनशे पाने वाढलीच पाहिजेत. सज्ञान होण्यासाठी तीनशे पाने लागतात, असे कोणत्या कायद्यात किंवा कोणत्या पोथीत सांगितले आहे? तिच्या खऱ्या वाढदिवशी घरातल्या घरात दहापाच माणसांनी केलेला सोहळा जोडकार्यातील संध्याकाळच्या खर्चाच्या दशांशातही होईल. किंबहुना आमचा अनुभव असा, की जोडकार्यात खर्च वाचत नाही. दोन्हींच्या नावाने वाढतो, आणि मग तो भरून काढण्यासाठी मुलीच्या हाती आलेली आहेराची पाकिटे रात्री वडिलांच्या पेटीत जमा होतात. येथे पुन्हा थोडा कायदा सांगणे भाग आहे. देणगी देणाऱ्याने दिली आणि घेणाऱ्याने स्वीकारली की ती घेणाऱ्याची झाली. सज्ञान मुलीच्या हाती दिलेले पाकीट तिचे आहे. तिने ते आपखुशीने घरखर्चाला दिले तर तिचा मोठेपणा. पण तिला विचारावे तर लागेलच.

आम्ही वर बहुतेक ठिकाणी 'नात' आणि 'मुलगी' म्हटले, ते जाणूनबुजून. मुलग्यांचीही तळची ओळ छापली जाते हे खरे. परंतु मुलग्याच्या मोठे होण्याची नोंद आपल्या समाजात अन्य वाटांनीही होते. त्याची मुंज झालेली असते. गोव्यातील देवस्थानांचा कारभार अजूनही मुख्यत्वे १९३३ च्या देवस्थान नियमावलीने चालतो, आणि बहुतेक ठिकाणी महाजनपण पुरुषवंशानेच उतरत आले आहे. त्यामुळे मुलगा वयात आला की त्याचे नाव महाजनांच्या यादीत चढविण्याची खटपट सुरू होते. मुलीच्या वाट्याला यादीही नाही आणि मुंजही नाही. ज्या गोमंतकात १८६७ च्या नागरी संहितेपासून मुलीला वारशात मुलाच्या बरोबरीचा वाटा मिळत आला, आणि ज्या देशात २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद ठरली, तेथे देवाच्या दारी तिच्या मोठे होण्याची नोंद कोठेच होऊ नये? महाजनकीचा वाद मोठा आहे. तो एका लेखाच्या पोटात मावणारा नाही. पण तिच्या हक्काचा जो एक दिवस आहे तोही दुसऱ्याच्या पदराला बांधू नये, एवढे तरी करण्यास कोणत्या नियमावलीची आडकाठी आहे?

टीका करावी आणि उपाय सांगू नये, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून व्यवहारात उतरतील अशा काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, कोणत्याही कार्याची तारीख ठरविण्यापूर्वी त्या मुलाला अथवा मुलीला एकांतात विचारावे. सर्व वडीलधाऱ्यांसमोर नव्हे, कारण तेथे 'नाही' म्हणण्याची सोय नसते. 'तुझा दिवस आम्ही कसा करावा?' असा प्रश्न असावा. 'आजोबांच्या बरोबर केला तर चालेल ना?' असा नसावा. साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारा प्रश्न न्यायालयही सरतपासणीत विचारू देत नाही. तिने आपण होऊन आजोबांच्याच दिवशी करावयाचे म्हटले, तर आमचा सारा आक्षेप तेथेच संपला. पुष्कळ नाती तसे म्हणतील, आणि त्या म्हणण्यात खरे प्रेम असेल.

दुसरी गोष्ट, दोन्ही कार्ये एकाच मुक्कामात करणे अटळ असेल तर निदान दिवस वेगळा असावा. सारे कुटुंब चार दिवस एकत्र आहेच. त्यांतला एक दिवस नातीचा. तिच्या नावाची वेगळी पत्रिका, किंवा पत्रिकेवाचून तोंडी आमंत्रण, आणि तिच्या मैत्रिणींना तिच्या हस्ते बोलावणे असावे. आजोबांच्या दिवशी तिने वाढावे, पूजेची तयारी करावी. आणि तिच्या दिवशी आजोबांनी पाहुणे म्हणून यावे, आशीर्वाद द्यावा आणि थकवा आला की निःसंकोच उठून जावे. वाढदिवसाची खरी तारीख पुढे येणार असेल, तर त्या तारखेसही घरात दिवा लागावा आणि तिला ओवाळले जावे.

तिसरी गोष्ट देवस्थानांविषयी. संकल्पात यजमानाचे नाव-गोत्र उच्चारले जाते आणि बाकीचे सर्व घर 'सहकुटुंब' ह्या एका शब्दात बसविले जाते. अठरा वर्षे ती त्या शब्दात बसली. त्या एका दिवशी तरी देवासमोरचे गाऱ्हाणे तिच्या स्वतःच्या नावाने घालावे, अभिषेकाच्या पावतीवर तिचे नाव यजमान म्हणून लिहावे. ह्याला खर्च पावतीचाच. नवी प्रथा पाडल्याचा गाजावाजाही करण्याचे कारण नाही. पुरोहितांनी मनावर घेतले तर पुढच्या हंगामापासून हे सुरू होऊ शकेल.

चौथी आणि आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट. त्या दिवशी बापाने मुलीच्या हाती दागिना देण्याऐवजी, किंवा दागिन्यासह, एक कागदांची पिशवी द्यावी. तिचा जन्माचा दाखला, शाळेची प्रमाणपत्रे, तिच्या नावाच्या ठेवींच्या पावत्या, बँकेचे पुस्तक, विम्याचे कागद, आणि मिळकतीत तिचे नाव असल्यास त्याचे उतारे तीत असावेत. पालकाच्या सहीने चालणारे खाते आता तिच्या सहीने चालेल, हे त्याने तिला समजावून सांगावे आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत बँकेत जावे. मतदारयादीत नाव घालण्याचा नमुना क्रमांक सहा तिने स्वतः भरावा. पूर्वी एक जानेवारीची वाट पाहावी लागे; २०२१ च्या सुधारणेनंतर एक जानेवारी, एक एप्रिल, एक जुलै आणि एक ऑक्टोबर अशा वर्षातून चार अर्हता-तारखा आल्या आहेत, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. केकवरील मेणबत्त्यांपेक्षा हा अर्ज अठराव्या वर्षाच्या अर्थाशी अधिक जवळचा आहे.

ह्यातील एकही गोष्ट अवघड नाही, एकीलाही मोठा खर्च नाही, आणि एकीनेही वडीलधाऱ्यांच्या मानाला धक्का लागत नाही. लागते ते फक्त एवढे, की घरातील कर्त्या पुरुषाने अठरा वर्षे स्वतःकडे ठेवलेली निर्णयाची सवय त्या दिवशी थोडी सैल करावी. पालकत्व ही कायद्याने मुदतीची गोष्ट आहे. ती मुदत संपते त्या दिवशी हिशेब देऊन मोकळे होणारा पालक मुलांच्या मनात पुढे कायम राहतो. मुदत संपल्यावरही ताबा न सोडणाऱ्याला मात्र पुढे एकेक गोष्ट मागून घ्यावी लागते, आणि मुलांकडे मागावे लागणे म्हणजे काय ते उतारवयात कळते.

येत्या हंगामाच्या पत्रिका छापखान्यात जाण्यास अजून अवकाश आहे. ज्या घरांत ह्या वर्षी कोणी अठरा वर्षांचे होणार असेल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे, की मसुदा लिहावयास घेण्यापूर्वी त्या मुलाला अथवा मुलीला जवळ बसवून विचारावे. उत्तर कोणतेही येवो, ते विचारणे हाच त्या वाढदिवसाचा पहिला आणि मुख्य विधी आहे. बाकीचे सारे, म्हणजे मांडव, महाप्रसाद आणि आहेर, त्यानंतरचे.